रिंग जाते, पण फोन वाजत नाही: डुप्लिकेट सिम निघाल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. रेंज गेली की माणूस आधी माझ्याकडे येतो. सिम काढतो, शर्टाला पुसतो, परत घालतो आणि म्हणतो, "बघा की जरा, काल रात्रीपासनं बंद हाय." बहुतेक वेळा सिमच खराब झालेलं असतं. पण कधीतरी मी माझ्या फोनवरून त्याच्या नंबरला कॉल लावतो, रिंग जाते, आणि काउंटरवरचा त्याचा फोन गप्प असतो. नंबर चालू आहे, फक्त ह्याच्याकडे नाही. कुणीतरी ह्याच्या नावाने दुसरं सिम काढलेलं आहे.

तिथून पुढे जी धावपळ होते, तिचा क्रम जवळजवळ प्रत्येक जण चुकवतो. आधी सिम कंपनीची गॅलरी, म्हणजे तिचं स्वतःचं दुकान, मग पोलीस, आणि सगळ्यात शेवटी बँक. व्हायला हवं ते आधी बँक, मग सिम कंपनी, मग पोलीस. हा लेख छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तुमच्या फोनवर नेट नसणार.

## आधी चोवीस तासांचा हिशेब समजून घ्या

नवीन सिम चालू झालं की जुनं बंद पडतं. पण नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. दूरसंचार विभागाने २०२२ साली कंपन्यांना तसा आदेश दिलेला आहे. चोराने शनिवारी संध्याकाळी तुमच्या नंबरचं सिम काढलं, तर बँकेचा ओटीपी त्याच्या हाती लगेच पडायला नको. हा एक दिवस तुमचा आहे, आणि लोक नेमका तोच दिवस "टॉवर गेला असंल" म्हणत घालवतात. त्यांचंही काय चुकलं म्हणा, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावाला पावसाळ्यात रेंज गेल्याचं नवल वाटत नाही.

पण ह्या चोवीस तासांवर निर्धास्तही राहू नका. बंदी एसएमएसवर आहे, कॉलवर नाही. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड फोन कॉलवरही मागवता येतो.

## टप्पा १: तयारी, आज, फोन चालू असताना

नंबर नक्की कुणाच्या नावावर आहे ते बघा. चोरीनंतरची निम्मी रखडपट्टी इथे होते. आपल्याकडे एका घरात चार सिम असतात आणि चारही वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर. काही सिम तर दहा-बारा वर्षांपूर्वी दुकानदाराने कुणाच्या तरी कागदावर काढून दिलेली. कागलच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. नंबर वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, आणि दुधाचं बिल जमा होणारं खातं त्याच नंबरला जोडलेलं. गॅलरीवाला म्हणाला, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. काकू मला विचारत होत्या, "आता त्यास्नी कुठनं आणू?"

डुप्लिकेट सिम मिळतं ते ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच. नंबर तुम्ही पंधरा वर्षं वापरताय, सगळ्या पै-पाहुण्यांकडे तोच आहे, ह्याला काउंटरवर काही किंमत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये प्रोफाईल उघडून नाव तपासा. ॲपमध्ये दिसत नसेल तर गॅलरीत जाऊन विचारा. दुसऱ्याच्या नावावर असेल तर दोघांची ओळखपत्रं घेऊन आत्ताच नावावर करून घ्या. मालक वारलेले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात. आज त्याला एक दुपार जाईल. चोरीनंतर किती दिवस जातील ते सांगता येत नाही.

लगे हात दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा ॲपवर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत तेही बघा. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर "हा माझा नंबर नाही" हा पर्याय निवडून तिथेच कळवा.

एक कागद तयार करा. फोनमध्ये नको, कागदच. त्यावर प्रत्येक बँकेचा चोवीस तास चालणारा नंबर, तुमचा खाते क्रमांक आणि ग्राहक क्रमांक, सायबर हेल्पलाईन १९३०, आणि तुमच्याच कंपनीचं सिम वापरणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर लिहा. हा नातेवाईक का लागतो ते टप्पा ४ मध्ये कळेल. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून उतरवा. गूगलवर शोधून लिहू नका. तिथे बनावट कस्टमर केअरचे नंबर सापडतात, आणि घाबरलेला माणूस त्यांच्या हाती आयताच सापडतो.

सहकारी बँकेत खातं असेल तर शाखेत जाऊन थेट विचारा, "रात्री अकराला खातं थांबवायचं झालं तर कुणाला फोन करायचा?" सरळ उत्तर मिळालं तर उत्तम. "सकाळी शाखेत या" असं मिळालं, तर त्या खात्याला यूपीआय जोडून मोठी रक्कम ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँकेचे संदेश ईमेलवरही चालू करा. सिम मेलं तरी वायफायवर ईमेल येतो. पण त्या ईमेलचा पासवर्ड बदलण्याची किल्ली म्हणजे पुन्हा तोच नंबर असेल, तर उपयोग शून्य. गूगल खात्यात बॅकअप कोड काढता येतात, आठ आकडी दहा कोड. ते त्याच कागदावर लिहा.

व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा. पिन लावलेला असेल तर नुसत्या सिमवर चोर तुमच्या नावाने व्हॉट्सॲप लगेच चालू करू शकत नाही.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. तुमच्या बोटाच्या ठशाची नक्कल वापरून सिम काढण्याची वाट त्याने बंद होते. मात्र स्वतःला सिम काढायचं असेल तेव्हा तुमचाही अंगठा चालणार नाही, हे लक्षात असू द्या.

सिमला पिन लावला की डुप्लिकेट सिम निघत नाही, असं बरेच जण समजतात. तसं नाही. तो पिन हातात असलेल्या सिमपुरता. फोन चोरीला गेला तर कामाचा, ह्या फसवणुकीत बिनकामाचा.

> इशारा: "केवायसी संपलंय", "फुकटात ५जी करून देतो", "ई-सिम चालू करतो" असा फोन आला आणि समोरच्याने सिमच्या मागचा वीस आकडी नंबर मागितला, किंवा आलेल्या एसएमएसला "१" असं उत्तर द्यायला सांगितलं, तर तो तुमच्याच हाताने तुमचं सिम बदलून घेतोय. आणि एखाद्या रात्री अनोळखी नंबरवरून एकामागून एक कॉल येऊ लागले तर वैतागून फोन बंद करू नका. तुम्ही फोन बंद करावा आणि सिम मेल्याचं सकाळपर्यंत कळू नये, यासाठीही असे कॉल केले जातात.

## टप्पा २: पारख, फक्त दहा मिनिटं

1. घरात किंवा शेजारी त्याच कंपनीचं सिम असलेला फोन बघा. त्याला रेंज आहे आणि तुम्हाला नाही, तर टॉवरचा दोष नाही.
2. फोन एकदा बंद-चालू करा, सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घालून बघा.
3. दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला कॉल लावा. रिंग गेली आणि तुमचा फोन वाजला नाही, तर शंका घेत बसू नका. "बंद आहे" असं ऐकू आलं तर काहीच सिद्ध होत नाही, चोराने सिम काढून ठेवलेलं असू शकतं.
4. मागच्या दोन-तीन दिवसांचे एसएमएस वाचा. सिम बदलाची विनंती आल्याचा किंवा पोर्टिंगच्या (नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याच्या) आठ अक्षरी कोडचा संदेश कंपनीकडून आलेला असतो. तो इंग्रजीत असतो आणि जाहिरातींच्या ढिगात असतो, म्हणून कुणी वाचत नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला शेडमध्ये रेंज नसते, म्हणून त्याने आठ तास लक्षच दिलं नाही. बाहेर पडल्यावर तरी बघायला हवं होतं. पण घरी जाऊन तो झोपला, आणि उठेपर्यंत दुपार झाली होती.

दहा मिनिटांत उलगडा झाला नाही तर चोरी झाली असंच धरून टप्पा ३ वर जा. नंतर सिमच खराब निघालं तर नुकसान एवढंच, की बँकेत जाऊन खातं पुन्हा चालू करून घ्यावं लागेल.

## टप्पा ३: पैसा थांबवा

कुणाचाही फोन घ्या आणि कागदावरच्या नंबरवर बँकेला लावा. वाक्य ठरवून ठेवा: "माझ्या नंबरचं डुप्लिकेट सिम निघालंय. खात्याला डेबिट फ्रीज लावा, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करा, डेबिट कार्ड ब्लॉक करा, आणि तक्रार क्रमांक सांगा."

"डेबिट फ्रीज" हा शब्द मुद्दाम वापरा. त्यात खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबतं, येणं चालू राहतं. पगार, दूध बिल, उसाचे पैसे जमा होत राहतात. तुमचे कर्जाचे हप्ते आणि दिलेले चेक मात्र अडकतील, त्याची कल्पना समोरच्यांना द्या.

कार्ड ब्लॉक कशाला, कार्ड तर खिशात आहे, असं लोक विचारतात. यूपीआयचा नवा पिन तयार करायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीखही चालते. हे आकडे चोराकडे आधीच असू शकतात.

बचत खात्यावर थांबू नका. मुदत ठेव ऑनलाईन मोडता येते किंवा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढता येतो. बँकेच्या ॲपमध्ये मंजूर होऊन पडलेलं वैयक्तिक कर्ज दोन मिनिटांत उचलता येतं. क्रेडिट कार्ड आणि डिमॅटही यादीत घ्या. खात्यात बारा हजारच होते म्हणून गाफील राहिलेल्या माणसाच्या नावावर नंतर कर्ज निघालेलं मी बघितलं आहे.

> तपासा: प्रत्येक बँकेचा तक्रार क्रमांक, फोन केल्याची वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव कागदावर आलं का? तक्रार क्रमांकाचा एसएमएस तुमच्या नंबरवर जाईल, म्हणजे आत्ता तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तोंडी विचारून लिहून घ्या.

## टप्पा ४: नंबर बंद करा

१९८ हा कंपन्यांच्या तक्रार केंद्राचा नंबर आहे. पण तो ज्या कंपनीच्या सिमवरून लावाल त्याच कंपनीला लागतो. तुमचं सिम एका कंपनीचं आणि हातातला फोन दुसऱ्या कंपनीचा असेल, तर पंधरा मिनिटं चुकीच्या दारात उभे राहाल. म्हणून तो नातेवाईक.

सांगा: "सिम बदलाची विनंती माझी नाही. ह्या नंबरचं येणारं-जाणारं सगळं लगेच बंद करा, आणि तक्रार क्रमांक द्या." ओळख पटवायला शेवटचा रिचार्ज, जन्मतारीख, पत्ता विचारतील. उत्तरं नोंदीतल्या मालकाप्रमाणे द्यावी लागतात, तेव्हा तो माणूस शेजारी बसलेला असू द्या. घरात दोघं असाल तर टप्पा ३ आणि ४ एकाच वेळी करा. एकटे असाल तर बँक आधी.

इथली नेहमीची चूक: लोक संचार साथीवर जाऊन हँडसेट ब्लॉक करतात. ती सोय हरवलेल्या फोनसाठी आहे, त्यात फोनचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, बंद होतो. इथे फोन तुमच्या हातात आहे आणि नंबर गेलाय. ब्लॉक केलात तर तुमचाच फोन बंद पडेल, चोराचं सिम चालूच राहील.

## टप्पा ५: पैसे गेले असतील तर १९३०

पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पुढे सरकत जातात. १९३० वर नोंद झाली की ज्या बँकेत ते पोचले तिथे ती रक्कम रोखून धरण्याची सूचना जाते. एटीएममधून काढलेले पैसे मात्र कुणी रोखू शकत नाही. म्हणून इथे तासाला किंमत आहे.

फोन करण्याआधी हाताशी ठेवा: खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख-वेळ, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला नंबर. तो ईमेलवर किंवा स्टेटमेंटमध्ये सापडतो, नाहीतर बँकेकडून घ्या. लाईन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरा.

संपर्कासाठी दुसरा, चालू नंबर द्या. सवयीने लोक चोरीला गेलेलाच नंबर सांगतात, आणि पुढचे सगळे ओटीपी आणि पोचपावतीचा संदेश चोराच्या खिशात पडतो.

## टप्पा ६: गॅलरीत जाऊन नंबर परत मिळवणं

इथे सगळ्यात जास्त घाम निघतो. मी स्वतः दुकानदार आहे तरी सांगतो, ह्या कामाला माझ्यासारख्याकडे येऊ नका, आणि रस्त्यावरच्या छत्रीखालच्या सिमवाल्याकडे तर मुळीच नको. कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीतच जा. आम्हाला फक्त सिम बदलता येतं. मागचं सिम कुठून निघालं, त्याची तक्रार कशी नोंदवायची, ह्यातलं आमच्या हातात काही नसतं.

सोबत न्यायचं:

- नोंदीतला मालक, प्रत्यक्ष. तो आजारी असेल तर गॅलरीला आधी फोन करून काय सोय होते ते विचारा.
- आधार, आणि त्याशिवाय एक मूळ ओळखपत्र: मतदार ओळखपत्र, लायसन्स किंवा पासपोर्ट. बायोमेट्रिक लॉक असेल तर हेच कामी येतं. झेरॉक्स चालत नाही, मूळ कागदाचा आणि तुमचा फोटो तिथे जागेवर काढतात.
- जुनं सिम आणि त्याचं कार्ड, पोस्टपेड असेल तर बिल.
- दुसरा चालू फोन. पडताळणीचा ओटीपी त्यावर घेता येतो.
- १९३० ची किंवा संकेतस्थळावरच्या तक्रारीची छापील प्रत.
- खाली दिलेल्या अर्जाच्या दोन प्रती.

काउंटरवर तीनपैकी एक उत्तर मिळतं.

*"सिस्टीममध्ये तर तुमचं सिम चालू दिसतंय."* चालू आहेच, तक्रार तीच आहे. वाद न घालता विचारा, सिम बदलल्याची शेवटची तारीख कोणती? ती कालची निघाली की काउंटरवरच्या पोराचा सूर बदलतो.

*"आधी पोलिसांचं पत्र आणा."* आणि पोलीस ठाण्यात गेलात की तिथे म्हणतात, आधी कंपनीचं पत्र आणा. लक्ष्मीपुरी ते स्टेशन रोड अशा तीन फेऱ्या मारून लोक माझ्याकडे येऊन बसतात. हा फेरा तोडायला ती छापील प्रत पुढे करा. तिच्यावर पोचक्रमांक असतो.

*"नंबर आमच्याकडे नाहीच, पोर्ट झालाय."* मग नंबर दुसऱ्या कंपनीत गेलेला आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्टिंगचा कोड देता येत नाही. सिम परवा बदललं आणि आज पोर्ट झालं असेल, तर कुठेतरी नियम मोडला आहे, आणि ते अर्जात लिहा. तक्रार दोन्ही कंपन्यांकडे द्या.

अर्ज असा लिहा:

> माझ्या नावावरील मोबाईल क्रमांक … चे सिम दि. … रोजी … वाजता अचानक बंद पडले. सिम बदल, ई-सिम अथवा पोर्टिंगची कोणतीही विनंती मी केलेली नाही. कृपया,
> १. सध्या चालू असलेले सिम तत्काळ बंद करून मला नवीन सिम द्यावे.
> २. सदर सिम बदल कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या विक्री केंद्रातून आणि कोणत्या प्रकारच्या पडताळणीने झाला, ते लेखी कळवावे.
> ३. त्या वेळी घेतलेला फोटो, ओळखपत्र, अर्ज आणि सर्व नोंदी तपासासाठी जपून ठेवाव्यात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याची माहिती काउंटरवर तुमच्या हातात कुणी ठेवणार नाही. तरी ती लिहायचीच. कागदावर होणारं केवायसी १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे, आणि सिम विकणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. डिजिटल पडताळणीत समोरच्या माणसाचा फोटो वेळ आणि ठिकाणासह घेतला जातो. म्हणजे तुमच्या जागी कोण उभा होता, ह्याचा माग कंपनीकडे असायला हवा. पोलीस नोटीस काढून तो मागवू शकतात. तुमच्या अर्जाची तारीख असेल तर "आम्हाला कुणी कळवलंच नाही" असं कंपनीला म्हणता येत नाही.

> तपासा: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घेतली का? "साहेब नाहीत, शिक्का कपाटात आहे" असं म्हणाले तर त्याच मजकुराचा ईमेल कंपनीच्या तक्रार विभागाला तिथे उभं राहूनच पाठवा.

## टप्पा ७: सिम मिळाल्यानंतरचा दिवस

तुमचं नवीन सिम चालू झालं की चोराचं मरतं. पण तुमच्याही सिमवर पुन्हा २४ तास एसएमएस बंद. इथे लोक घाबरतात, सिम खराब दिलं म्हणून परत गॅलरीत जातात, दुसरं सिम घेतात, आणि चोवीस तास पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात. कॉल लागतोय ना? मग थांबा.

त्या दिवसात करायचं काम:

- व्हॉट्सॲप पुन्हा नोंदवा, कोड कॉलवर मागवा. चोराने दरम्यान स्वतःचा टू-स्टेप पिन लावलेला असेल, तर तो काढायला ७ दिवस थांबावं लागतं, पण तुम्ही कोड टाकलात की त्याचं व्हॉट्सॲप तिथेच बंद होतं. गावच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या फोनवरून सांगून ठेवा की तुमच्या नंबरवरून पैसे मागितले तर देऊ नयेत.
- ईमेलचा पासवर्ड बदला, आणि तुमच्या ईमेलमध्ये कुठे फॉरवर्डिंग लावलंय का ते सेटिंगमध्ये बघा. हे फारसं कुणी बघत नाही. नंबर परत आला तरी बँकेचे मेल चोराकडे जात राहतात.
- बँकेचा डेबिट फ्रीज उठवण्याची घाई नको. पासवर्ड, पिन आणि कार्ड, तिन्ही नवी झाल्यावरच उठवा.

## टप्पा ८: पोलिसांत

१९३० ची नोंद म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. कोल्हापूर जिल्ह्याचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे. पण इचलकरंजी किंवा गडहिंग्लजच्या माणसाने कोल्हापूर गाठलंच पाहिजे असं नाही, जवळच्या कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाकारलीच, तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवता येतो.

तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क आणि ६६ड, म्हणजे इंग्रजी मसुद्यातली सी आणि डी ही कलमं, आणि भारतीय न्याय संहितेची ३१८ व ३१९ येतात. एक कलम हमखास राहून जातं, ते म्हणजे दूरसंचार कायदा २०२३ चं कलम ४२. तोतयेगिरी करून सिम मिळवणं हाच त्यात गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड. तुमचा एक रुपयाही गेला नसेल आणि ठाण्यात "नुकसान काय झालं मग?" असं विचारलं, तर हे कलम दाखवा.

विक्री केंद्राच्या सीसीटीव्हीचं चित्रण ताब्यात घ्यावं, अशी विनंती तक्रारीतच लिहा. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

## टप्पा ९: बँकेला लेखी

फोनवर कळवलं म्हणून लोक गप्प बसतात आणि इथे पैसे गमावतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, दुसऱ्याच कुठल्या दुव्यावर आहे, अशा फसवणुकीत ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ४ ते ७ कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असंच परिपत्रक निघालं.

दिवस मोजायचे ते बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून. तुमचं सिम मेलेलं होतं, एसएमएस चोराला गेला, म्हणजे सूचना तुम्हाला मिळालीच नाही. हा मुद्दा अर्जात पहिल्या परिच्छेदात हवा: सिम कधी बंद पडलं, नवीन कधी मिळालं, आणि व्यवहार तुम्ही पहिल्यांदा कधी, कुठे बघितला. सिम बंद पडल्याची वेळ कंपनीच्या अर्जात, पोलीस तक्रारीत आणि इथे एकच असू द्या. घाईत एकीकडे रात्री नऊ आणि दुसरीकडे साडेदहा लिहिलं, की बँकेचा वकील तेवढंच धरून बसतो.

शाखेत म्हणतील, "ओटीपी टाकूनच व्यवहार झालाय, म्हणजे तुम्हीच दिला असणार." त्याच परिपत्रकात ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. अर्जात मागणी लिहा: कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी, आणि ९० दिवसांत निकाल द्यावा. दोन्ही मुदती परिपत्रकातल्याच. सोबत गॅलरीच्या शिक्क्याचा अर्ज जोडा, कारण ओटीपी गेला तेव्हा सिम तुमच्याकडे नव्हतं ह्याचा तोच पुरावा.

## टप्पा १०: दाद मिळाली नाही तर

बँक: ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार. फी नाही, वकील लागत नाही. माहितीचा फोन १४४४८.

सिम कंपनी: तक्रार क्रमांकावर काम झालं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा, त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाला ऐकता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मोठी रक्कम, आणि बँक व कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतायत: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकारी असतो. ते काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे आहे. ५ कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि दोघांनाही एकाच दाव्यात उभं करता येतं. इथे मात्र वकील घ्या.

पैसे दुसऱ्या बँकेत रोखले गेलेत पण परत येत नाहीत: ते आपोआप येतील म्हणून वाट बघू नका. तपास अधिकाऱ्याकडून किती रक्कम, कुठल्या बँकेत रोखली ते लिहून घ्या आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे रक्कम परत मिळण्याचा अर्ज करा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३. एफआयआर नसेल तर हा अर्ज अडू शकतो, म्हणून टप्पा ८ टाळू नका.

नंबर परत मिळणारच नसेल, कागलच्या काकूंसारखा कागदच नावावर नसेल, तर त्याच्यामागे महिने घालवण्यापेक्षा नवीन सिम स्वतःच्या नावावर घ्या. पहिल्यांदा आधार केंद्रावर जाऊन आधारचा नंबर बदला, मग प्रत्येक बँकेत शाखेत जाऊन अर्जाने, मग पॅन, गॅस, विमा आणि दूध संस्था. जुना नंबर कायमचा बंद केल्याचं कंपनीकडून लेखी घ्या. बंद केलेला नंबर ९० दिवस कुणाला दिला जात नाही. तुमची बदलाबदली त्या ९० दिवसांच्या आत संपली पाहिजे, कारण त्यानंतर तो नंबर रीतसर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाऊ शकतो.